अफगाण चर्चच्या भिंतीवर नसलेली नावे: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये ज्यांचे स्मरण आहे पण नावे नाहीत, अशा मुंबई इलाख्यातील शिपायांची नामावली तयार करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मंत्रालयातून निघालेली गाडी कुलाबा बाजार ओलांडून नेव्ही नगरच्या दिशेने गेली, की डॉ. नानाभाई मूस मार्गावर झाडांच्या माथ्यावरून एक उंच, निमुळता दगडी मनोरा वर आलेला दिसतो. हे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारक म्हणून मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात आणि बहुतेकांची त्याच्याशी ओळख बसच्या थांब्यापुरतीच असते. मुंबईचे व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची आणि उंच मनोऱ्यांची इंग्रजी बांधणी, म्हटले की आपण पर्यटकांना ओव्हल मैदानाकडे नेतो, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय दाखवतो, आणि २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला तो परिसर त्या मानाला पात्रही आहे. परंतु त्यातल्या त्या दोन्ही वास्तू १८७० च्या दशकात पूर्ण झाल्या, तर कुलाब्याच्या या चर्चची पायाभरणी डिसेंबर १८४७ मध्ये झाली, जानेवारी १८५८ मध्ये ते उपासनेसाठी अर्पण झाले आणि सुमारे १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. मुंबईतल्या गॉथिकची वाट मोठ्या प्रमाणात इथूनच सुरू झाली.

चर्चचा आराखडा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याचा आहे. विहार तलावाची योजना आखणारा, म्हणजेच शहराला पहिल्यांदा नळाचे पाणी देणारा हाच गृहस्थ. इंग्लंडमधील नामवंत वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आराखडा फार खर्चिक ठरल्यामुळे हे काम त्याच्याकडे आले. त्याने पिवळसर झाक असलेला इथला दगड वापरून इंग्लंडच्या एखाद्या जुन्या गावातले वाटावे असे चर्च कुलाब्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभे केले. आत पाऊल टाकले की टोकदार कमानींच्या दोन रांगा नजर थेट वेदीकडे नेतात, विल्यम वेल्सच्या कारखान्यातील रंगीत काचांतून गाळलेला उजेड फरशीवर पडतो, आणि विल्यम बटरफील्डने योजलेल्या भौमितिक नक्षीच्या फरश्या व वेदीमागचा पडदा पाहताना माणूस सहज अर्धा तास रेंगाळतो. मनोऱ्याच्या खर्चात सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीही भर घातली होती. तेव्हा ही वास्तू परक्यांची आणि परक्यांसाठीच होती, असे कोणी म्हटले तर ते पुरते खरे नाही.

हे पत्र मात्र वास्तुकलेसाठी नाही. वेदीच्या बाजूच्या भिंतींवर नावे आहेत. ती १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मरण पावलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची आहेत, हुद्दा आणि पलटणीसह, ओळीने कोरलेली. सोबतच्या इंग्रजी मजकुराचा आशय असा, की हे चर्च या अधिकाऱ्यांच्या, तसेच आजाराने किंवा तलवारीने कामी आलेल्या हाताखालच्या अंमलदारांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ बांधले आहे, आणि ते शिपाई इतके असंख्य होते की त्यांची अशी नोंद करणे शक्य झाले नाही. मान वर करून ही नावे वाचत असताना माझ्यासोबत आलेल्या भाच्याने विचारले, “मामा, मग आपल्याकडच्यांची यादी कुठे आहे?” त्याला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ते ज्यांच्यापाशी असू शकते ते खाते आपले आहे.

पहिल्या अफगाण युद्धाचे नाव काढले की जानेवारी १८४२ मधील काबूलची माघार आठवते, पण तिथे बर्फात संपलेली फौज प्रामुख्याने कंपनीच्या बंगाल इलाख्याची होती. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हुकमतीखाली सिंधमार्गे, बोलन खिंडीतून वर गेली होती आणि जुलै १८३९ मध्ये गझनीच्या वेढ्यात लढली होती. तिच्यातील देशी पलटणींत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल (कोकणातले ज्यू) आणि उत्तरेकडून आलेले ‘परदेशी’, म्हणजे उत्तर हिंदुस्थानी, असे सगळेच होते, आणि भरतीचा मोठा भाग कोकणातला होता. बलुचिस्तानातील काहूनच्या किल्ल्यात पाचव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या सुमारे ३०० शिपायांनी १८४० च्या मे महिन्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत तग धरला. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या तुकडीचा ३१ ऑगस्टला नफुस्कच्या खिंडीत पराभव झाला आणि तिच्यातील कित्येक जण गोळीने नव्हे, तर पाण्यावाचून मेले. काहूनच्या या पराक्रमासाठी पाचव्या पलटणीला १८४१ मध्ये ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. तीच पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काळी पाचवी’ म्हणून नावारूपाला आली. म्हणजे किताब आजही चालतो आहे, फक्त तो ज्यांनी मिळवला त्यांची नावे स्मारकावर नाहीत.

नोंद अशक्य होती हे स्मारकावरचे विधान मला पटत नाही. याच मुंबई फौजेने १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर आपल्या मृत शिपायांची नावे कोरली, आणि तिथला मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. पगारपत्रकाशिवाय कोणतीही पलटण चालत नाही. नावे होती, भिंतीवर घ्यायची नाहीत असे ठरले, इतकेच. न्यायाने बोलायचे तर हा भेद केवळ गोऱ्या-काळ्याचा नव्हता, कारण गोऱ्या पलटणींतील साधे सोल्जरही त्याच ‘असंख्यां’त मोडतात.

यावर दोन आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला असा, की हे युद्ध साम्राज्याच्या लोभापायी झाले, त्याच्याशी आपला काय संबंध? युद्धाबद्दल माझेही मत वेगळे नाही आणि त्याचा गौरव व्हावा अशी माझी मागणीही नाही. पण महिन्याच्या पगारासाठी रत्नागिरीकडून निघालेला आणि परत न आलेला माणूस इथल्याच कोणत्यातरी घरातला होता, आणि त्याची नोंद शोधणे म्हणजे कंपनी सरकारची आरती ओवाळणे नव्हे. दुसरा आक्षेप वास्तूच्या जतनाचा. तो मला पूर्ण मान्य आहे. या भिंतींवर नवी पाटी ठोकू नये, जुन्या मजकुराला हात लावू नये.

पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका (गॅझेटियर) विभाग हे दोन्ही आपल्याच अखत्यारीत आहेत. मुंबई इलाख्याच्या लष्करी खात्याचे दप्तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील अभिलेखागारात आहे. त्यातील १८३८ ते १८४३ या वर्षांचे कागद या एकाच प्रश्नासाठी तपासण्याचे काम दोन-तीन अभ्यासकांना नेमून द्यावे. शिपायांच्या वारसांचे अर्ज आणि पलटणींचे पत्रव्यवहार यांतून सगळी नावे मिळणार नाहीत, पण काही शेकडा मिळाली तरी ती आज आहेत त्याहून काही शेकडा जास्त असतील. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राशी आणि बॉम्बे ग्रेनेडियर्सचा वारसा सांगणाऱ्या जबलपूरच्या ग्रेनेडियर्स केंद्राशी शासनाने अधिकृत पत्रव्यवहार केला, तर त्याला जे वजन येईल ते माझ्यासारख्याच्या अर्जाला येणार नाही. इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्याच विभागाने २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आणवली आणि पुढच्या वर्षी रघूजी भोसल्यांची तलवार लिलावातून मिळवली. त्या मानाने काही हजेरीपटांच्या प्रती मागवणे फारच स्वस्तात होईल.

जी नामावली तयार होईल ती दर्शनिका विभागाने मराठीत प्रसिद्ध करावी. मिळेल तिथे नावासोबत पलटण, मूळ गाव आणि मृत्यूचे ठिकाण द्यावे. तिची एक बांधीव प्रत, चर्च ज्यांच्याकडे आहे त्या धर्मप्रांताच्या संमतीने, आत येणाऱ्याला उघडून पाहता येईल अशी ठेवण्याची विनंती करावी. परिसर नौदलाच्या वसाहतीला लागून असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांच्या सहलींसाठी भेटीचे दिवस आणि वेळा नौदल व धर्मप्रांत यांच्याशी बोलून ठरवून घेतल्या, तर तेही याच कामाचा भाग होईल.

या पत्राची पोच आणि पुराभिलेख संचालकांना आपण दिलेल्या निर्देशाची प्रत मिळावी, ही विनंती. दप्तर चाळण्याच्या कामी स्वयंसेवक लागणार असतील तर मोडी वाचता येणारी काही मंडळी माझ्या परिचयाची आहेत आणि ती विनामोबदला यायला तयार आहेत.

कळावे,

आपला नम्र,
मुंबईतील एक नागरिक