ती धायटीच!

चिपळूण,
२२ फेब्रुवारी

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे फोटो मिळाले. राजगडाच्या वाटेवरचं ते लाल फुलांचं झुडूप मुरुडशेंग नव्हे रे, धायटी! वैद्य मंडळी जिला धातकी म्हणतात ती. तुझा घोटाळा का झाला तेही कळलं. दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात पिळदार सुक्या शेंगा लोंबताहेत, त्या मात्र मुरुडशेंगेच्याच. दोघी शेजारीशेजारी वाढल्यात. पण मुरुडशेंग फुलते पावसाळ्यात, आत्ता तिच्या अंगावर नुसत्या शेंगा. शिवाय तिची पानं रुंद, खरखरीत आणि एकाआड एक.

धायटीची पानं समोरासमोर, निमुळती, देठ जवळपास नाहीच. परत गेलास की एक पान उलटं करून बघ. मागच्या पांढुरक्या बाजूवर बारीक काळे ठिपके दिसले की शंकाच नको. फुलात आपल्याला लाल दिसते ती पाकळी नाही, ती निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाची, किंचित वाकडी नळी, जेमतेम अर्ध्या इंचाची. पाकळ्या आहेत सहा, पण नळीच्या तोंडाशी इतक्या चिमुकल्या की भिंग घ्यावं. बाहेर डोकावणारे पुंकेसर बारा. फुलाचा बहर ओसरला तरी नळी गळत नाही, म्हणून पानं झडलेल्या फांद्या आठवडेच्या आठवडे लालेलाल. मध भरपूर, त्यामुळे शिंजीर पक्षी तिथून हलत नाहीत. मेंदी, डाळिंब, ताम्हण ही सगळी हिच्याच कुळातली.

तू 'उघडा, मुरमाड उतार, भर ऊन' असं लिहिलं होतंस ना, तिथेच माझं निम्मं काम झालं. गर्द रानाच्या सावलीत धायटी रमत नाही. रान तुटून मोकळ्या झालेल्या डोंगरउतारांवर ती हमखास. नुसत्या फुलाच्या क्लोजअपवरून नाव सांगणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

आणि हो, वहिनींना सांग, दशमूलारिष्टात हीच फुलं पडतात. आसव-अरिष्टं, म्हणजे आयुर्वेदातली आंबवलेली औषधं, आंबवायला ती लागतातच. फुलांवरचं रानटी यीस्ट आणि मध तिथे कामी येतात.

बंगल्यासाठी रोप उपटून आणायचा तुझा बेत मात्र रद्द कर. उन्हाळ्यात बोंडं सुकली की चिमूटभर बी आण, मी इथे रुजवून बघतो. आणि पुढचा फोटो पानाच्या पाठीचा पाठव!

तुझा,
अविनाश