‘किड ए’ ही श्रोत्यांची प्रतारणा नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाश्चात्त्य संगीतावरील लेख वाचला. मराठी दैनिकाने रॉक संगीताला एवढी जागा द्यावी ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र रेडिओहेड या इंग्रजी बँडचा ‘किड ए’ हा २००० सालचा संग्रह म्हणजे यश डोक्यात गेलेल्या कलावंतांनी आपल्याच चाहत्यांची केलेली प्रतारणा होती, आणि श्रोत्यांनी तो नाकारून त्यांना जागा दाखवली, असा जो सूर त्या लेखात आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. म्हणून हे पत्र.

आधी वस्तुस्थितीविषयी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातील एका शाळेतल्या पाच मुलांनी १९८५ च्या सुमारास सुरू केलेला हा बँड १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ने जगभर पोचला. तीन गिटारी, चढत जाणारी चाल आणि गायक थॉम यॉर्कचा आर्त, उंच आवाज ही त्यांची ओळख ठरली आणि दोन वर्षांच्या आत त्याच साच्यातले आवाज इतर बँडांच्या गाण्यांतूनही ऐकू येऊ लागले. अशा वेळी पुढचा संग्रह त्याच वळणाचा काढणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फायद्याचा मार्ग होता. त्याऐवजी १९९९ च्या जानेवारीत पॅरिसला सुरू झालेले काम कोपनहेगन, ग्लॉस्टरशायर असे फिरत अखेर त्यांच्या स्वतःच्या ऑक्सफर्डशायरमधील स्टुडिओत संपले, आणि बराच काळ गिटारवादकांनाच आपण या गाण्यांत नेमके काय करायचे हे उमगत नव्हते. २००० च्या ऑक्टोबरमध्ये संग्रह आला तेव्हा त्यातले एकही गाणे सुटे काढले गेले नाही, की प्रथेप्रमाणे एखाद्या गाण्याचा व्हिडिओ झाला नाही. काही सेकंदांच्या चित्रफिती तेवढ्या जाहिरातीसाठी सोडल्या होत्या.

आता श्रोत्यांनी तो नाकारला, या विधानाकडे वळू. ‘किड ए’ ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. ज्या ‘ओके कॉम्प्युटर’शी त्याची तुलना करून त्याला कमी लेखले जाते, तो अमेरिकेत २१ व्या क्रमांकापुढे सरकला नव्हता. शिवाय ही विक्री संग्रह नॅप्स्टर या इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्या सेवेवरून आधीच फुकट पसरलेला असताना झाली, म्हणजे अनेकांनी ऐकून, पारखून मग पैसे मोजले असे म्हणायला पुष्कळ जागा आहे. पुढच्या वर्षी त्याला पर्यायी संगीताचे ग्रॅमीही मिळाले. समीक्षकांत मात्र मतभेद होते आणि काही ब्रिटिश नियतकालिकांनी संग्रहाची अक्षरशः सालटी काढली. लेखकाने ती सालटी श्रोत्यांच्या नावावर खपवली आहे.

पण क्रमांकांवर कलेची किंमत ठरत नाही, हे लेखकही म्हणतील आणि मलाही मान्य आहे. म्हणून प्रत्यक्ष संगीताकडे येतो. मी व्यवसायाने शिक्षक आणि हौसेने भजनी मंडळात पेटी वाजवणारा. पहिलेच गाणे सुरू होते ते विजेच्या पियानोसारख्या वाटणाऱ्या एका सिंथेसायझरच्या सुरावटीने. गिटार नाही, ड्रमचा धडाका नाही. त्या गाण्याचे आवर्तन दहा मात्रांचे आहे. त्याला झपतालाचे वजन नाही हे उघडच आहे, परंतु ज्याला टाळीवर दहा मोजायची सवय आहे त्याला समेवर येण्यातली जी ओढ कळते, तीच ओढ तिथे आहे. यॉर्कचा आवाज तुकडे करून, उलटापालटा करून पार्श्वभूमीला पेरलेला आहे आणि त्या तुकड्यांमधून खरा आवाज हळूहळू पुढे येतो. लेखात याला ‘तांत्रिक करामत’ म्हटले आहे. चाल जिथे इतकी स्पष्ट आहे की एकदा ऐकून पेटीवर बसवता यावी, तिथे करामत हा शब्द अपुरा पडतो.

दुसरी गोष्ट जॉनी ग्रीनवूड या गिटारवादकाने वापरलेल्या ओंद मार्तनो या वाद्याची. मोरिस मार्तनो नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९२८ मध्ये ते प्रथम लोकांसमोर वाजवले. त्याला पेटीसारख्या पट्ट्या आहेत, पण पट्ट्यांच्या पुढे एक तार ताणलेली असते आणि वादक बोटात अंगठी घालून त्या तारेच्या आधाराने सुरावरून सुरावर घसरत जातो. डाव्या हाताखालच्या बटणावरचा दाब आवाज लहानमोठा करतो. पेटीवर मींड निघत नाही, हे आम्हा पेटीवाल्यांचे जुने दुखणे. त्यामुळे चौथ्या गाण्यात हे वाद्य सुरांना जोडत खालून वर जाते आणि त्याच्या मागे एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेली व्हायोलिने उभी राहतात, तेव्हा बँडने गिटार का बाजूला ठेवली याचे उत्तर कानांनाच मिळते. त्यांना जे म्हणायचे होते ते गिटारीच्या पट्टीत मावत नव्हते.

या संग्रहावरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्या काळी निक हॉर्न्बी या इंग्रज कादंबरीकाराने ‘न्यूयॉर्कर’मध्ये घेतला होता. अशा संगीतासाठी लागणारी चिकाटी आणि वाहून घेण्याची वृत्ती माणूस नोकरीला लागून पगार आणू लागला की आटत जाते, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. आपल्या लेखातही तोच मुद्दा, थकलेल्या माणसाला विरंगुळा हवा असतो, अशा शब्दांत आला आहे. हा मुद्दा लंडनमध्ये कसा लागू पडतो ते मी सांगू शकत नाही. गोव्यात तो लागू पडत नाही. फोंडा महालातल्या कोणत्याही देवस्थानच्या जत्रेला जाऊन पाहावे. दिवसभर पणजीला कचेरीत खर्डेघाशी केलेला किंवा कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राबलेला माणूस रात्री देवळाच्या प्रांगणात बसून हौशी मंडळींचे संगीत नाटक पहाटेपर्यंत पाहतो, आणि एखादे पद नीट रंगले नाही तर शेजाऱ्याला त्यातले उणे नेमके सांगतो. त्याला पगार मिळतो म्हणून त्याचे कान थकत नाहीत. श्रोता आळशी आहे असे आधीच गृहीत धरून त्याच्या वतीने कलावंताला दटावणे हा श्रोत्याचाच अपमान आहे.

आणि या भूमीत तर हा वाद नवा नसावा. मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिले तेव्हा नाट्यपद म्हणजे लांबलेल्या ताना आणि ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ अशीच अपेक्षा घेऊन बसणारा प्रेक्षक नाट्यगृहात होता. त्यांनी पद आटोपशीर केले, ते प्रसंगाला बांधले आणि भावगीताची हळुवारता त्यात आणली. ‘पूर्वीसारखे’ नाही म्हणून तेव्हाही नाके मुरडली गेली असतील. आज तीच पदे आमच्या स्पर्धांतून परंपरा म्हणून गायली जातात. रेडिओहेड आणि अभिषेकीबुवा यांची बरोबरी करण्याचा माझा उद्देश नाही. परंतु नाट्यसंगीतातल्या बदलाला आपण जो न्याय लावतो, तो रॉकमधल्या बदलाला लावायचा नाही, याला कारण काय?

यंत्रांनी केलेल्या संगीताविषयी गोव्यातल्या मराठी वाचकाच्या मनात अढी आहे, आणि ती का आहे हे मी समजू शकतो. किनारपट्टीवर रात्री दहानंतरही धडधडणाऱ्या ध्वनिक्षेपकांनी ज्यांची झोप उडवली त्यांना ड्रम मशीनचे कौतुक कोण सांगणार! तरीही या संग्रहातले यंत्राच्या ठेक्यावरचे आठवे गाणे त्या जातीचे नाही. त्याचा पाया असलेले चार स्वरमेळ पॉल लॅन्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ मधील संगणकीय रचनेतून घेतलेले आहेत. ती रचना प्रिन्स्टन विद्यापीठातल्या खोलीभर पसरणाऱ्या संगणकावर झाली होती. ग्रीनवूडने केलेल्या सुमारे पन्नास मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून यॉर्कने तेवढाच तुकडा उचलला, आणि लॅन्स्कींची रीतसर परवानगी घेऊन श्रेयनामावलीत त्यांचे नाव घातले. वरचा ठेका कोरडा, जवळजवळ निर्दय आहे, आणि गाणारा माणूस त्या ठेक्यात सापडल्यासारखा गातो. नाचायला बोलावणारा हा ठेका नाही.

संग्रहात सगळेच उत्तम आहे असा माझा दावा नाही. मधला शब्दांविना जाणारा तुकडा मला आजही भरताड वाटतो, आणि शेवटच्या गाण्यातल्या वीणेसारख्या झंकारांवर थोडी जास्तच साखर पडली आहे. अशी टीका लेखात असती तर हे पत्र लिहिलेच नसते.

लेखाच्या शेवटी पुढील भागात २००१ च्या ‘अ‍ॅम्नेझिअ‍ॅक’विषयी लिहिण्याचे आश्वासन आहे आणि त्या संग्रहाने बँड ‘ताळ्यावर आला’ असे सूचित केले आहे. त्यातील बहुतेक गाणी ‘किड ए’च्याच ध्वनिमुद्रणसत्रांत, त्याच खोल्यांत, नायजेल गॉडरिच याच निर्मात्याच्या हाताखाली तयार झाली होती. तेव्हा त्या संग्रहाला माघार म्हणण्यापूर्वी लेखकाने ही बाब लक्षात घ्यावी, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा