पहिल्या स्कॅनला झुकते माप नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मेंदू आकसल्याच्या, अमुक औषधाने आकसणे मंदावल्याच्या, तमुक व्यायामाने मेंदूचा एखादा भाग वाढल्याच्या बातम्या वृत्तपत्रांच्या आरोग्य पानांवर नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी एकाच प्रकारचा अभ्यास असतो: तीच माणसे, वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने काढलेले त्यांचे एमआरआय स्कॅन आणि त्या स्कॅनमधला फरक. किती माणसे तपासली, किती वर्षे पाहिली हे बातमीत येते. स्कॅन काढल्यानंतर संगणकावर ते कसे हाताळले, हे मात्र क्वचितच येते. निकालावर भरवसा ठेवायचा की नाही हे बरेचदा तिथेच ठरत असल्यामुळे त्या एका मुद्द्यावर सविस्तर लिहीत आहोत.

मोजायचा फरक किती बारीक असतो ते आधी पाहू. हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस ढोबळमानाने 3 घन सेंटीमीटरचा, म्हणजे 3000 घन मिलिमीटरचा असतो. नेहमीच्या स्कॅनमध्ये चित्राचा सर्वांत लहान घन, ज्याला व्होक्सेल म्हणतात, साधारण 1 मिलिमीटर बाजूचा असतो. निरोगी वृद्धांमध्ये हा भाग वर्षाला सुमारे 1 ते 1.5 टक्के आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये सुमारे 3 ते 5 टक्के घटतो. 1 टक्का म्हणजे फक्त 30 व्होक्सेल. आता या भागाचा पृष्ठभाग हजार चौरस मिलिमीटरच्या वरच असतो. म्हणजे त्याची कड सगळीकडून 0.03 मिलिमीटर आत सरकली, तरी तेवढ्यानेच 1 टक्का घट दिसते. व्होक्सेलच्या तिसाव्या-पस्तिसाव्या हिश्शाएवढी ही चूक चित्राकडे पाहून कोणत्याही डोळ्याला कळणार नाही.

ही चूक शिरते कशी? दोन स्कॅनच्या वेळी डोके अगदी एकाच जागी, एकाच कोनात ठेवलेले नसते. म्हणून तुलना करण्याआधी एक चित्र फिरवून, सरकवून दुसऱ्यावर बसवावे लागते. सहज सुचणारा मार्ग म्हणजे पहिला स्कॅन जागचा हलवायचा नाही आणि नंतरचा त्याच्यावर आणून बसवायचा. इथेच घोटाळा होतो. फिरवलेल्या चित्राचे नवे व्होक्सेल जुन्या व्होक्सेलच्या अधेमधे पडतात, त्यामुळे त्यांची किंमत शेजारच्या किमतींवरून काढावी लागते. यालाच इंटरपोलेशन म्हणतात. चित्र तिन्ही दिशांना अर्धा-अर्धा व्होक्सेल सरकले असेल आणि साधी रेषीय पद्धत वापरली असेल, तर प्रत्येक नवा व्होक्सेल आठ जुन्या व्होक्सेलची सरासरी असतो. चित्र किंचित मऊ होते, कडा पुसट होतात. पहिला स्कॅन तसाच धारदार राहतो, दुसरा मऊ होतो, आणि सॉफ्टवेअर या दोघांच्या कडा शोधून त्यांतला फरक 'बदल' म्हणून सांगते. घन (क्युबिक) किंवा सिंक या अधिक बारकाईच्या पद्धतींचे इंटरपोलेशन वापरले तर मऊपणा कमी होतो, पण पुरता जात नाही.

सगळ्यात घातक गोष्ट अशी की ही चूक प्रत्येक माणसात एकाच दिशेने होते. उलटसुलट होणाऱ्या चुका माणसे वाढवली की एकमेकींना खोडतात. एकाच बाजूला झुकलेली चूक माणसे वाढवल्याने जात नाही, उलट ती अधिक ठाम दिसू लागते, कारण सरासरीभोवतीची अनिश्चितता तेवढी घटते. त्यामुळे मोठा अभ्यास म्हणजे खात्रीचा अभ्यास, हा वाचकाचा समज इथे फसवा ठरतो.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. 2004 मध्ये सुरू झालेल्या 'अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह' या मोठ्या प्रकल्पातल्या स्कॅनवरच 2010 मध्ये पॉल युशकेविच आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पहिला स्कॅन स्थिर ठेवून केलेल्या जुळवणीमुळे हिप्पोकॅम्पसच्या घटीचा अंदाज एका बाजूला झुकतो. पुढच्याच वर्षी वेस्ली थॉम्पसन आणि डॉमिनिक हॉलंड यांनी अशा झुकावामुळे औषधचाचणीसाठी लागणाऱ्या माणसांची संख्या अवास्तव कमी कशी दिसते, ते मांडले.

ते कसे होते, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, सहा महिन्यांनी 1 टक्का घट दिसली, वर्षाने 1.5 टक्के आणि दोन वर्षांनी 2.5 टक्के. वेग सरळ दिसतो, वर्षाला 1 टक्का. पण हीच रेषा मागे शून्य महिन्यापर्यंत ओढा, तिथे 0.5 टक्के घट उरते. पहिल्या दिवशीच, काळ गेलेलाच नसताना, मेंदू अर्धा टक्का आकसला कसा? तो अर्धा टक्का रोगाने घातलेला नाही, जुळवणीने घातलेला आहे. आता कोणी ठरवले की औषधाने घट 25 टक्क्यांनी मंदावली तर ते उपयोगी मानायचे. वर्षाच्या आकड्यावर, म्हणजे 1.5 टक्क्यांवर, हिशेब केला तर पकडायचा फरक 0.375 टक्के येतो. खऱ्या 1 टक्क्यावर केला तर 0.25 टक्के. लागणारी माणसे या फरकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात. त्यामुळे खरी गरज कागदावरच्या संख्येच्या 2.25 पट असते. कमी माणसे घेऊन केलेली चाचणी मग खरोखर उपयोगी औषधालाही नापास करू शकते. यात रुग्णांचा वेळ जातो, आशा जातात, म्हणून हा विषय आम्हाला तांत्रिक किरकिर वाटत नाही.

उपाय माहीत आहे आणि तो कोणालाही उपलब्ध आहे. कोणत्याही एका स्कॅनला झुकते माप द्यायचे नाही. दोन स्कॅन असतील तर दोघांनाही मधल्या जागेत आणायचे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे जे रूपांतर (किती फिरवायचे, किती सरकवायचे) असेल त्याचे वर्गमूळ, म्हणजे अर्धी वाट, काढायचे, पहिला अर्धा पुढे आणि दुसरा अर्धा मागे न्यायचा. दोघांवर सारखेच इंटरपोलेशन होते, दोघेही सारखेच मऊ होतात. त्याआधी जुळवणी स्वतः सममित आहे ना, हे तपासायला हवे: पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारे रूपांतर आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे येणारे रूपांतर लागोपाठ लावले, तर चित्र मूळ जागी यायला हवे. तीन किंवा जास्त स्कॅन असतील तर त्या माणसाचा स्वतःचा टेम्प्लेट, म्हणजे सर्व स्कॅनमधून घडवलेले एक संदर्भ-चित्र, बनवायचा. सगळे स्कॅन एकमेकांशी जुळवून प्रत्येक व्होक्सेलची मध्यक किंमत घ्यायची. मध्यकामुळे एखाद्या स्कॅनमध्ये डोके हलले असेल तर त्याचा परिणाम टेम्प्लेटवर कमी होतो.

मार्टिन रॉयटर, ब्रूस फिशल आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेली, फ्रीसर्फर या मेंदूचे स्कॅन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधली पद्धत याच तत्त्वावर आहे. तिचे तीन टप्पे आहेत: आधी प्रत्येक स्कॅनवर स्वतंत्र प्रक्रिया, मग सर्व स्कॅनमधून त्या माणसाचा 'बेस' (वर सांगितलेला टेम्प्लेट), आणि शेवटी त्या बेसवरून सुरुवात करून प्रत्येक स्कॅनवर पुन्हा 'लाँग' प्रक्रिया. एसपीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही सममित जुळवणीची सोय आहे, आणि सिएना हे तिसरे सॉफ्टवेअर सुरुवातीपासून मधल्या जागेतच काम करते. सिएना कवटीचाही आधार घेते, कारण प्रौढाची कवटी वर्षभरात बदलत नाही, आणि स्कॅनरचे माप सरकले तर ते तिच्यावरून कळते. हे माप तिन्ही दिशांना 0.3 टक्क्याने सरकले तर घनफळ 0.9 टक्क्याने बदलते, आणि निरोगी प्रौढाच्या संपूर्ण मेंदूची वर्षाची घट तर 0.2 ते 0.5 टक्केच असते.

पण योग्य सॉफ्टवेअर घेतले म्हणजे काम झाले असे नाही. पुढच्या चुका आम्हाला वरचेवर दिसतात. अभ्यास चालू असताना नवा स्कॅन आला की जुना बेस तसाच ठेवून त्याच्यावर नवा बसवला जातो. मग जुने स्कॅन बेस घडवण्यात सहभागी आणि नवा उपरा, म्हणजे तोच पक्षपात दुसऱ्या दाराने आत येतो. बेस सर्व स्कॅन घेऊन नव्याने करायला हवा आणि लाँग टप्पाही सगळ्यांवर पुन्हा चालवायला हवा. दुसरी चूक अभ्यास अर्ध्यावर सोडलेल्या माणसांबाबत होते. त्यांचा एकच स्कॅन असतो, म्हणून त्यांना पहिल्या टप्प्यावरच सोडून आकडे घेतले जातात. सोडून गेलेली माणसे बरेचदा जास्त आजारी असतात. म्हणजे जास्त आजारी गटावर वेगळी प्रक्रिया आणि बाकीच्यांवर वेगळी, असा प्रकार होतो. एकच स्कॅन असला तरी त्याचा बेस आणि लाँग करावा.

हाताने केलेल्या दुरुस्त्यांचेही तसेच. कवटीचा तुकडा मेंदूत गणला गेला, पांढऱ्या भागाची कड चुकली, तर माणूस ती सुधारतो. ती सुधारताना हा स्कॅन पहिला की शेवटचा, रुग्णाचा की निरोगी माणसाचा, हे त्याला कळता कामा नये. फाइलच्या नावातली तारीखसुद्धा काढून टाकावी. शक्य तेवढ्या दुरुस्त्या बेसमध्येच कराव्यात, म्हणजे त्या सगळ्या काळांवर सारख्या उतरतात. खराब स्कॅन वगळायचा निर्णयही याच पडद्याआड घ्यावा. डोके हलल्यामुळे करडा भाग पातळ आणि लहान मोजला जातो आणि आजार वाढला की माणूस स्कॅनरमध्ये जास्त हलतो. हे लक्षात घेतले नाही तर हालचालच घट म्हणून मोजली जाते.

सॉफ्टवेअरची आवृत्ती अभ्यासाच्या मध्ये बदलू नये, संगणक आणि त्याची प्रणालीसुद्धा. 2012 मध्ये एड ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी फ्रीसर्फरच्या तीन आवृत्त्या त्याच स्कॅनवर चालवून पाहिल्या. घनफळांत सरासरी 8.8 टक्के आणि कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) जाडीत 2.8 टक्के फरक आला. वर्षाची घट 1 टक्का मोजायला निघालेल्याने हे दोन आकडे टेबलासमोर लावून ठेवावेत. आवृत्ती बदलायचीच असेल तर पहिल्या स्कॅनपासून सगळे पुन्हा चालवावे.

टक्केवारी काढण्यातही पहिल्या स्कॅनला मान दिला जातो. 100 वरून 80 झाले तर 20 टक्के घट आणि 80 वरून 100 झाले तर 25 टक्के वाढ: अंतर तेच, आकडे दोन. शिवाय पहिल्या मोजणीत योगायोगाने चूक जास्त झाली असेल तर ती वरही येते आणि छेदातही. दोन्हींच्या सरासरीने, इथे 90 ने, भागले तर कोणत्याही बाजूने 22.2 टक्केच येतात.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळे स्कॅन एकाच बेसवरून सुरू केले की निकाल एकमेकांकडे ओढले जातात, आणि ही ओढ जास्त झाली तर खरा बदलही दाबला जातो. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या गाठीनंतर किंवा मेंदू झपाट्याने वाढत असलेल्या लहान बाळांमध्ये एकच बेस सगळ्यांना पुरत नाही. बाळांची कवटीही वाढत असल्याने ती स्थिर धरणारी गणिते तिथे चालत नाहीत. आणि काही गोष्टी कोणतीही प्रक्रिया सुधारू शकत नाही. मध्येच स्कॅनर किंवा कॉइल (डोक्याभोवतीचा संकेत टिपणारा भाग) बदलणे, शरीरातल्या पाण्याचे प्रमाण, सकाळचा स्कॅन की संध्याकाळचा, यांचा परिणाम स्कॅन काढतानाच टाळावा लागतो.

प्रक्रिया निःपक्ष आहे का, हे तपासायला महागडे काही लागत नाही. स्कॅनचा क्रम उलटा देऊन सगळे पुन्हा चालवा. 2 टक्के घट दिसली होती तिथे आता तेवढीच वाढ दिसायला हवी. पहिल्या ते दुसऱ्या आणि दुसऱ्या ते तिसऱ्या स्कॅनमधल्या बदलांची बेरीज पहिल्या ते तिसऱ्याच्या थेट मोजणीशी जुळते का ते पाहा. एकाच दिवशी, माणसाला उठवून पुन्हा झोपवून काढलेले दोन स्कॅन द्या. सरासरी बदल शून्याच्या आसपास असायला हवा. या तीन तपासण्यांचे निकाल शोधनिबंधात दिलेले नसतील, तर एक-दोन टक्क्यांच्या बदलाचा दावा आम्ही सिद्ध मानत नाही.

म्हणून आपल्या आरोग्य प्रतिनिधींना विनंती: मेंदू आकसल्याची किंवा वाढल्याची बातमी देताना संशोधकांना विचारावे, की सर्व स्कॅनवर एकसारखी प्रक्रिया केली का, आणि क्रम उलटा केल्यावर काय उत्तर आले. त्यांचे उत्तर बातमीत एका वाक्यात जरूर छापावे.

आपले,
मेंदूच्या प्रतिमांचे विश्लेषण करणारे काही वाचक