दहा अँपियरच्या जॅकवर ‘फ्यूज्ड’ छापलंय, आत फ्यूजच नाही : मल्टिमीटरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

नमस्कार,

तुमच्या कंपनीचा डिजिटल मल्टिमीटर मी ऑनलाइन घेतला, किंमत १,१४९ रुपये, बिल आणि फोटो सोबत जोडलेत. मीटर चालू आहे, डिस्प्ले येतो, बीप वाजतो, म्हणून तुमच्या कस्टमर केअरच्या मते यात तक्रार करण्यासारखं काही नाहीये. पण बॉक्सवर, मीटरच्या अंगावर आणि तुमच्या लिस्टिंगमध्ये जे छापलंय ते आत बसवलेलंच नाहीये, आणि त्यातली एक गोष्ट तर अशी आहे की एखाद्याचा हात भाजेल नाहीतर डोळा जाईल. म्हणून सविस्तर लिहितोय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट फ्यूजची. लाल प्रोब लावायचे दोन जॅक आहेत, एक व्होल्ट-ओहम-मिलीअँपियरचा आणि एक दहा अँपियरचा, आणि दोन्हींच्या खाली ‘फ्यूज्ड’ असं स्पष्ट छापलंय. नऊ व्होल्टची बॅटरी टाकायला मागचं कव्हर काढलं तर आत एकच फ्यूज, मिलीअँपियरवाल्या बाजूचा, छोटा काचेचा. दहा अँपियरच्या जॅकपासून निघालेला पट्टा शंटच्या, म्हणजे करंट मोजायला लावलेल्या अगदी कमी रेझिस्टन्सच्या, जाड तारेतून थेट कॉमनला, म्हणजे काळ्या प्रोबच्या जॅकला, जातो. बोर्डवर दुसऱ्या फ्यूजची जागा आखलेली आहे, भोकं पण पाडलेली आहेत, आणि तिथे होल्डर बसवायच्या ऐवजी तारेचा तुकडा सोल्डर केलाय. फोटो क्रमांक २ बघा. म्हणजे डिझाइन करणाऱ्याने फ्यूज धरला होता आणि माल बनवताना कोणीतरी तो काढून टाकला, आणि बाहेरची छपाई मात्र तशीच ठेवली.

यात एवढं काय असं तुमच्या टीमला वाटत असेल तर सांगतो. मी ऐरोलीला राहतो, आमच्या सोसायटीच्या ऑफिसमध्ये शनिवारी संध्याकाळी आठवी-नववीची मुलं इलेक्ट्रॉनिक्स शिकायला जमतात, एलईडी, रिले, अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), छोट्या मोटर. मोटर किती करंट खाते ते बघायला लाल प्रोब दहा अँपियरच्या जॅकमध्ये घालतात आणि तो परत काढून व्होल्टच्या जॅकमध्ये घालायचं राहून जातं, हे मुलांचंच नाही, पंचवीस वर्षं वायरिंग करणाऱ्या माणसाचंही होतं. तसाच मीटर घेऊन कोणी भिंतीच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट बघायला गेला की प्रोबच्या मध्ये फक्त ती शंटची तार, म्हणजे साधारण ०.०१ ओहम, म्हणजे सरळ डेड शॉर्ट, आणि तो शॉर्ट त्या माणसाच्या हातात. एमसीबी पडेल, पण तो पडेपर्यंत प्रोबच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेचा लोळ, होऊन गेलेला असतो, वितळलेलं तांबं उडतं. हे होऊ नये म्हणूनच तिथे फ्यूज असतो, आणि तोसुद्धा वाळू भरलेला सिरॅमिकचा हवा. जो एक काचेचा फ्यूज तुम्ही दिलाय त्याच्यावर २५० व्होल्ट लिहिलंय आणि मीटरवर ६०० व्होल्ट, हे तरी कसं जुळतं ते सांगा.

दुसरं, मीटरवर ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ छापलंय. कॅट थ्री म्हणजे बिल्डिंगच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डवर वापरायचं रेटिंग, जिथे वरून येणाऱ्या सर्जचा, म्हणजे क्षणभर उसळणाऱ्या व्होल्टेजचा, धक्का सॉकेटपेक्षा मोठा असतो. त्या रेटिंगच्या प्रोबचं उघडं टोक जास्तीत जास्त ४ मिलीमीटर असावं लागतं, बोर्डातल्या दोन बसबारना (करंट वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांना) एकदम टेकू नये म्हणून. तुमच्या बॉक्समधल्या प्रोबचं उघडं टोक मोजलं तर १८ मिलीमीटर, टोपी वगैरे काही दिलेली नाही. त्यामुळे आतली बाकीची रचना कशीही असो, या प्रोबसकट हा सेट कॅट थ्री होऊच शकत नाही. आणि वायरचं इन्सुलेशन जाड दिसतं पण आत तांब्याच्या चार केसांएवढ्या तारा, त्यातली एक प्रोबच्या गळ्यापाशी आत्ताच तुटलीये. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली तरी ओहमवर १.४ दाखवतो, तिथे जवळजवळ शून्य यायला हवं.

तिसरं ट्रू आरएमएस, म्हणजे वेव्हचा आकार कुठलाही असो, एसीचं खरं परिणामकारक मूल्य मोजणं. एवढं लिहिलं होतं म्हणून तर साध्या मीटरऐवजी हा घेतला, किमतीत दुपटीपेक्षा जास्त फरक होता. रबाळे एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात माझा मित्र आहे, त्याने त्यांचा कॅलिब्रेट केलेला मीटर आणला आणि आम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. अर्डुइनोच्या पिनमधून ५ व्होल्टचा चौकोनी वेव्ह, ५० टक्के ड्यूटी (अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद), १०० हर्ट्झ, मध्ये कपॅसिटर लावून डीसी अडवला, म्हणजे राहिला अडीच व्होल्ट वर अडीच व्होल्ट खाली. त्याचा मीटर २.५० दाखवतो, तुमचा २.७७. हा ११ टक्क्यांचा फरक कुठून येतो ते ज्याने हे काम केलंय त्याला लगेच कळतं, साइन वेव्ह आहे असं धरून सरासरी मोजून १.११ ने गुणणारा साधा मीटर चौकोनी वेव्हवर बरोबर एवढंच चुकतो. म्हणजे माझ्या हातातला पीस बिघडलेला नाही, या मॉडेलमध्ये ट्रू आरएमएस नाहीच.

बॅटरी उतरली की डीसीचं रीडिंग हळूहळू चढं येतं आणि बॅटरीचं चिन्ह त्याच्या बऱ्याच नंतर लागतं, हे पण लिहून ठेवतो. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, तो असणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता स्वस्त मीटरबद्दल माझं मत सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज नको. स्वस्त मीटर वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही. ठाणे स्टेशनबाहेर नाहीतर लॅमिंग्टन रोडला तीन-चारशे रुपयांत मिळणारा पिवळा मीटर, १९९९ काउंटचा (डिस्प्लेवर १९९९ पर्यंतच आकडा दाखवणारा), मी मुलांना आनंदाने घ्यायला लावतो, कारण नऊ व्होल्टची बॅटरी, ५ व्होल्टचा सर्किट, बारा व्होल्टचा अडॅप्टर, कंटिन्युइटी, रेझिस्टर, एवढ्याला तो पुरतो आणि भिंतीच्या सॉकेटला लावायचा नाही हे मी बजावून सांगतो. त्यांच्यातल्या कित्येक मीटरवर दहा अँपियरच्या जॅकखाली ‘अनफ्यूज्ड’ असं सरळ लिहिलेलं असतं. ते वाचून माणूस सांभाळून वापरतो. तुमचा मीटर त्याच जातीचा आहे आणि वर सुरक्षिततेचे शब्द छापलेत, त्यामुळे आईवडील विचार करतात की चला थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील पण पोराला सेफ मीटर देऊ. ऑनलाइन घेणाऱ्याला उघडून बघता येत नाही, त्याच्या हातात तुमचं लिस्टिंग सोडून दुसरं काहीच नसतं. तीन पालकांनी माझ्या सांगण्यावरून हाच मीटर मागवायला काढला होता, मी सगळ्यांना थांबवलं.

तुमच्या कस्टमर केअरला हे सगळं फोटोसकट पाठवलं तर उत्तर आलं की दहा अँपियर रेंज दहा सेकंदांपेक्षा जास्त वापरू नका, रिटर्नची मुदत संपली आहे, पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कूपन घ्या. मी विचारलं काय आणि उत्तर काय! फ्यूज आहे का नाही, एवढ्या एका प्रश्नाला हो किंवा नाही कोणीच म्हणालं नाही.

मला हवंय ते असं. माझे पूर्ण पैसे परत द्या, मीटर तुमच्या खर्चाने घेऊन जा, पण ते पैसे यातलं सगळ्यात छोटं काम आहे. लिस्टिंगवरून ‘फ्यूज्ड’, ‘कॅट थ्री’ आणि ‘ट्रू आरएमएस’ हे तिन्ही आजच काढा, आणि ज्यांनी ज्यांनी हे मॉडेल घेतलंय त्या सगळ्यांना मेसेज करून कळवा की दहा अँपियरच्या जॅकला फ्यूज नाही, घरच्या लाइनवर वापरू नका. ऑर्डरची यादी तुमच्याकडे आहे, मेसेज तुम्ही ऑफरचे रोज पाठवताच. शिल्लक मालात फ्यूज आणि होल्डर बसवा, जागा बोर्डवर आहेच.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत या पत्राची पोच आणि एका महिन्यात निकाल तुम्ही द्यायचा असतो. नाही आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथेच दाखल करता येते. मीटर मी उघडलेल्या अवस्थेत तसाच जपून ठेवलाय, तुमचा माणूस येऊन बघू शकतो, येण्याआधी फोन करा म्हणजे मी घरी थांबेन.

आपला ग्राहक,
ऐरोली, नवी मुंबई

सोबत : बिल, आतल्या बोर्डचे आणि प्रोबचे फोटो, दोन्ही मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ, कस्टमर केअरशी झालेलं चॅट