ताई, त्या खोडलेल्या २१ ओळींसाठी

प्रिय ताई,

हे पत्र नुसतं तुम्हालाच पाठवता आलं असतं, पण कथा लिहायची इच्छा आहे आणि शिकायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही अशी माणसं मला सारखी भेटतात, त्यांच्याही नजरेला हे पडावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला असं जाहीर कौतुक आवडत नाही हे माहितीये. तरी यावेळी ऐकून घ्या.

चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक अर्धवट कथा पाठवली होती आणि तिच्यासोबत एक यादी, मला काय काय शिकायचंय त्याची. २३ मुद्दे होते. प्रतीकं, उपकथानक, फ्लॅशबॅक, तीन अंकी रचना, ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही असा निवेदक, बोलीभाषा, अजून बरंच. त्याआधी मी एक क्लास केला होता, तिथे हे सगळं सहा शनिवारांत एकदम शिकवलं होतं आणि त्यानंतर मला साधं एक पानही लिहिता येईना, कारण प्रत्येक वाक्याला वाटायचं की यात काहीतरी राहिलंय. तुमच्याकडून यादी परत आली तेव्हा २१ ओळींवर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि कडेला लिहिलं होतं, 'आत्ता नको'. उरल्या होत्या फक्त दोन ओळी. गोष्ट संपवणं, आणि एका प्रसंगात एकाच माणसाच्या डोक्यात राहणं.

मला लागलं होतं ते. वाटलं, ताईंना माझ्यात काही दिसलं नाही म्हणून त्या मला बालवर्गात बसवतायत. मग तुमचा फोन आला आणि तुम्ही विचारलंत, आतापर्यंत पूर्ण कथा किती झाल्या? मी म्हटलं, सुरू बऱ्याच केल्यात. तुम्ही परत तेच विचारलंत. एक, मी म्हटलं. त्यावर तुम्ही दहा कथा लिहायला सांगितल्या, प्रत्येकी हजार शब्दांच्या आत, शेवट कसाही झाला तरी चालेल पण झाला पाहिजे, आणि दहावी होईपर्यंत मागची एकही दुरुस्त करायला घ्यायची नाही. मी म्हटलं त्यापेक्षा कादंबरीच सुरू करते ना, शब्द तेवढेच होतील. तर तुम्ही म्हणालात, कादंबरीचे दहा हजार शब्द लिहिलेस तर सुरुवात एकदा लिहून होईल आणि शेवट एकदाही नाही, दहा कथा लिहिल्यास तर शेवट दहा वेळा हाताखालून जाईल. नव्याने लिहिणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं याहून कामाचं मला आजही काही सापडलेलं नाही. सातव्या कथेच्या आसपास मला कळायला लागलं की शेवटाशी गाडी अडते तेव्हा बहुतेक वेळा चूक सुरुवातीत असते, माणसाला काय हवंय तेच मी मांडलेलं नसतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते.

दुसऱ्या ओळीचं महत्त्व कळायला मला जास्त वेळ लागला. माझं वाक्य असं होतं, 'मीराने दार उघडलं, समोर भाऊ बघून तिच्या पोटात गोळा आला. भावाला वाटलं, ही अजून रागावलेलीच दिसतेय.' तुम्ही दोन वाक्यांच्या मधे एक उभी रेघ मारली आणि एवढंच विचारलंत, इथे मी नेमकी कुठे उभी आहे? दाराच्या आत की बाहेर? मग मी भावाच्या मनातलं सगळं काढून टाकलं आणि मीराला दारातून जे दिसू शकतं तेवढंच ठेवलं. 'भाऊ उंबऱ्यातच उभा राहिला, हातातली बॅग खाली ठेवेना.' भाऊ घाबरलाय हे आता त्या बॅगेतून कळत होतं, मला सांगावंच लागलं नाही. सर्वज्ञ निवेदक असतो, तो सगळ्यांच्या मनात जाऊ शकतो आणि मोठे लेखक ते सुंदर करतात हे तुम्हीही मान्य केलंत, फक्त तुमचं म्हणणं होतं की आधी एका डोक्यात टिकून राहता आलं की मग दुसऱ्यात जाणं हा निर्णय होतो, तोपर्यंत ती नुसती घसरण असते.

दहा झाल्यावर मला वाटलं आता यादीतल्या पुढच्या ओळी मिळणार. पण तुम्ही म्हणालात की पुढचं काय शिकायचं ते आता वाचकांना ठरवू दे. कथा तीन जणांना वाचायला द्यायची, त्यांचा सल्ला मागायचा नाही, कुठे कंटाळा आला आणि कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं एवढंच विचारायचं, आणि तिघंही एकाच जागी अडखळले तर तो आपला पुढचा धडा. माझे तिघंही मधल्या भागात कंटाळले होते. भाषा छान आहे, माणसं खरी वाटतात, पण पुढे वाचावंसं वाटत नाही, असं तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. त्या दिवशी मी खूप रडले, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तुम्ही सांगितलंत की ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त सुमारे २३०० वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलंय, नवशिक्यांना भाषा आणि स्वभावचित्रण आधी जमतं, घटनांची बांधणी मागाहून येते. मला एवढा धीर आला ते ऐकून, म्हणजे माझं जे होतंय ते सगळ्यांचंच होतं.

आणि त्याच पुस्तकातली एक कसोटी तुम्ही मला कागदाच्या चिठ्ठ्यांवर करायला लावलीत. कथेतला एकेक प्रसंग एकेका चिठ्ठीवर, आणि मग एखादी उचलून दुसरीकडे ठेवायची. जागा बदलूनही किंवा काढून टाकूनही काही बिघडत नसेल तर तो प्रसंग कथेचा अवयवच नाही. माझ्या नऊ चिठ्ठ्या होत्या, चौथी आणि सहावी मी अदलाबदल केल्या आणि कथेला काहीच झालं नाही. पाचवी काढली, तरी काही नाही. जमिनीवर बसून मी त्या नऊ चिठ्ठ्यांकडे कितीतरी वेळ बघत होते. त्यातल्या सहाच राहिल्या शेवटी, पण प्रत्येक मागचीमुळे घडत होती.

एक गोष्ट मला तुमच्याकडून कळली आणि ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. नवशिका, मधला, अनुभवी असे वर्ग माणसाचे नसतात, एकाच माणसाच्या आत हे तिन्ही असतात. संवाद मला पहिल्यापासून जमायचे, म्हणून तुम्ही ते कधी शिकवत बसला नाहीत, आणि कथानकात मात्र मी दोन वर्षांनीही नवशिकीच होते. एखादा पंधरा वर्षं लिहितोय म्हणून त्याला आता फक्त शैलीवर काम करायचंय असं होत नाही, त्याचा प्रसंग अजूनही अर्ध्यात सुटत असेल तर त्याने तिथेच बसावं.

गेल्या वर्षी तुम्ही उलटंच केलंत. म्हणालात, आता तुला जे सहज येतं ते काढून घेते. वडिलांचं कपाट आवरणाऱ्या दोन बहिणींचं भांडण लिही, एकही संवाद नाही. तीन आठवडे गेले त्या दोन पानांवर. शेवटी धाकटी एक शर्ट घडी करून खोक्यात ठेवते, मोठी तो काढते, उलगडते आणि परत घडी घालते, स्वतःच्या पद्धतीने. ते लिहिलं तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं पात्रांना बोलायला लावून स्वतः गप्प बसायचं टाळत होते. पण हा धडा पहिल्या वर्षी दिला असतात तर मी लिहिणं सोडलं असतं, याची मला खात्री आहे.

फक्त एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. मोठ्याने वाचून बघणं तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत, ते पहिल्या कथेपासून करायला हवं होतं, त्याला काही शिकावं लागत नाही, जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं.

या चार वर्षांत तुम्ही माझी किती पानं वाचलीत ते मी मोजलं नाही, तुम्हीही कधी बोलून दाखवलं नाहीत. स्वतःचं लिखाण बाजूला ठेवून वाचायचात हे मला खूप नंतर कळलं, तेही दुसऱ्यांकडून. ताई, मनापासून आभार. ती यादी माझ्या टेबलाच्या खणात आहे, २१ पैकी १२ रेघा मी तुम्हाला विचारून खोडरबरने पुसल्यात, बाकीच्या तशाच आहेत आणि त्यांची घाई वाटत नाही.

कादंबरी सातव्या प्रकरणात अडकलीये. आईचा भूतकाळ कुठे सांगायचा ते ठरत नाहीये, दोन्ही काळ एकमेकांत मिसळतायत. प्रकरण वेगळं पाठवलंय. पेन्सिल घेऊन बसा.

तुमचीच