गुळवेलीचा काढा वेगळा, कॅप्सूल वेगळी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोरोनाच्या साथीत गुळवेलीच्या कॅप्सूल घरोघरी आल्या आणि कित्येक घरांतून त्या अजून गेलेल्या नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी परवा डबी पुढे करून विचारलं, "यात नेमकं काय असतं हो?" मी फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवत होते, पण डबी वाचून मलाही सांगता येईना. अर्क ५०० मिलिग्रॅम, एवढंच. तो पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, किती खोडाचा किती झाला, काही छापलेलं नाही.

काढा म्हणजे एक भाग औषध सोळा भाग पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवलेला. वैद्य तो प्रकृती पाहून, ठरावीक दिवस देतात. अल्कोहोल वनस्पतीतून पाण्यात न उतरणारी द्रव्यंही ओढून घेतं, आणि कॅप्सूल लोक महिनोन् महिने घेतात. काढ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव या कॅप्सूलला जामीन राहू शकत नाही. आपल्या परंपरेनेही डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही; बिब्बा विटेच्या चुऱ्यात शुद्ध केल्याशिवाय पोटात देत नाहीत.

मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या नियम १५८-बी प्रमाणे आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेल्या वनस्पतीचा, तिथेच सांगितलेल्या उपयोगासाठी, पाण्यात किंवा पाणी-अल्कोहोलात अर्क काढला, तर सुरक्षिततेचा अभ्यास सक्तीचा नाही. इतर द्रावक, म्हणजे अर्क काढायचे द्रव, वापरले तरच तीव्र व दीर्घकालीन विषाक्तता, जनुकीय बदल आणि गर्भावरचे परिणाम तपासावे लागतात.

'सुरक्षितता सिद्ध' असं माहितीपत्रकात दिसलं, तर कोणती चाचणी ते जरूर विचारावं. बऱ्याचदा ती तीव्र विषाक्ततेची असते: उंदराला किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत एकच मात्रा आणि १४ दिवस निरीक्षण. एका मात्रेने उंदीर मेला नाही, एवढंच त्यातून कळतं. रोज घ्यायच्या औषधासाठी ९० दिवसांची चाचणी हवी, जिच्यात रक्त तपासतात आणि शेवटी यकृत, मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

तरीही उंदीर सगळं सांगत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये यकृताची इजा नोंदवली. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी असे ४३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या अनेकांत स्वयंप्रतिकार आजाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याची, लक्षणं होती. असा धोका निरोगी उंदरात दिसणं अवघड. आयुष मंत्रालयाने गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या, खडबडीत गाठींच्या खोडाच्या वेलीकडे बोट दाखवलं. भेसळीची शंका रास्तच आहे, पण मग प्रत्येक खेपेची ओळख पटवून ती नोंद ग्राहकाला का दाखवू नये?

माझी मागणी साधी आहे. रोज घ्यायच्या प्रत्येक अर्कासाठी, तो पाण्यातला असला तरी, ९० दिवसांची चाचणी सक्तीची करावी. डबीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, द्रावक आणि खोड-अर्काचं प्रमाण मराठीत छापावं. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा २०१८ पासून आहे. तिथे तक्रार कशी करायची, हेही त्याच डबीवर असावं.

तोवर ज्येष्ठांनी एवढं करावं: डॉक्टरांना गोळ्या सांगताना या कॅप्सूलही सांगाव्यात. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर कॅप्सूल थांबवून डबीसकट दवाखान्यात जावं. डबी फेकू नये, तपासणीला तीच लागते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली