तळमजल्यावरच्या काकूंना, कर्ज फिटल्यावर

आदरणीय काकूंना साष्टांग नमस्कार,

फ्लॅटवरचं कर्ज फिटलं. बँकेने मूळ खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा, नोंदणीच्या पावत्या, सगळं परत दिलं. तुम्हाला हे ठाऊकच आहे, कारण कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी हातात धरून एकेक कागद ताडून बघायला तुम्हीच माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होतात. तरीही हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की, चहा टाक" म्हणून विषय बदलता. आणि तुम्ही मला जे शिकवलंत, ते आज ज्या बाईला हवं आहे तिच्यापर्यंत पोचावं असंही मनापासून वाटतं.

हे 2021 च्या मे महिन्यात गेले. तेव्हा कोरोनात कोल्हापुरात कुठल्या गल्लीत काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लेक पाचवीत, सासूबाई पासष्टीच्या पुढे, माझी दवाखान्यात बिलिंगची नोकरी, आणि 2017 साली दोघांच्या नावावर काढलेलं 15 लाखांचं कर्ज, 20 वर्षांच्या मुदतीचं. दिवसकार्य झालं आणि सल्ले सुरू झाले. फ्लॅट विकून माहेरी जा. सोनं घेऊन ठेव. गावाकडं प्लॉट बघूया. येणारा जो-तो माझ्या वतीने काहीतरी ठरवूनच यायचा. सगळ्यांना काळजी होती, ती मी नाकारत नाही. पण मला कुणी विचारत नव्हतं.

जुलैत महापूर आला. राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी कधीच मागे पडली होती, हायवे बंद, नळाला पाणी नाही. टँकरच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढे होतात. घागर भरता भरता म्हणालात, "कुठं जायला तर येत नाही. संध्याकाळी कागद घेऊन खाली ये, सगळे. निवडू नकोस, पिशवीच घेऊन ये." बँकेच्या कर्ज विभागात तुमची उभी हयात गेली, हे मला तोवर नीट माहीतही नव्हतं.

त्या संध्याकाळी तुम्ही सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत, आणि त्याबद्दलही मी तुमची ऋणी आहे. तुम्ही कागदांचे गठ्ठे केलेत आणि विचारलंत, "त्यांचा पीएफ कापला जायचा ना? मग ईडीएलआयचा अर्ज भरलास का?" मी ते नावही ऐकलं नव्हतं. हे शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते. पीएफ मिळतो एवढंच आम्हाला माहीत होतं. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना विम्याची रक्कम मिळते, जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत, आणि त्यासाठी त्याच्या पगारातून एक रुपया कापलेला नसतो, मालक भरतो, हे तुम्ही सांगितलंत. पीएफची शिल्लक, विधवा पेन्शन आणि हा विमा, असे तीन वेगवेगळे हक्क. पेन्शनमध्ये लेकीचाही वाटा, तिला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत. तुम्ही नसतात तर आम्ही पीएफ घेऊन गप्प बसलो असतो.

विम्याचे पैसे आले तेव्हा मला एकच सुचत होतं, सगळे उचलून कर्जात घालावेत. दर महिन्याच्या 5 तारखेला पोटात गोळा यायचा, तो जावा. तुम्ही तो दिवस मला थांबवलंत. आधी माझ्या स्वतःच्या नावावर टर्म विमा, कारण आता घरात कमावणारी मी एकटी. मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भरतील एवढी रक्कम बाजूला, तिला हात लावायचा नाही. पीएफचे पैसे लेकीच्या शिक्षणाला. हे सगळं करून जे उरेल ते कर्जाला. "कर्ज फेडायच्या नादात हात रिकामे केलेस, आणि उद्या लेक आजारी पडली, तर चोवीस टक्क्यांनी कर्ज काढशील," म्हणालात. एकट्या बाईच्या घरात ही उतरंड किती महत्त्वाची असते, ते पुढं सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं. कुणापुढं हात पसरावा लागला नाही.

मग तुम्ही वही उघडलीत. 15 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 13,017 रुपयांचा हप्ता. त्यातला पहिल्या महिन्यातला 10,625 रुपयांचा भाग नुसतं व्याज, मुद्दलात गेले 2,392. चार वर्षांत आम्ही सव्वासहा लाखांच्या आसपास भरले होते आणि मुद्दल कमी झालं होतं 1 लाख 36 हजार. मी त्या आकड्याकडं बघत राहिले. हे ओव्हरटाईम करून हप्ते भरायचे, काकू. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि मला वेळ दिलात. नंतर म्हणालात, "त्यांचं वाया गेलं नाही. सुरुवातीचा हा चढ त्यांनी चढला, म्हणून आता तुला उतार आहे."

5 लाख भरायचे ठरले तेव्हा बँकेला द्यायचं पत्र तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत. हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. हे एक वाक्य लिहिलं नाही तर काय होतं तेही वहीत मांडून दाखवलंत. हप्ता कमी केला असता तर तो सव्वाआठ हजारांवर आला असता आणि कर्ज 2037 पर्यंत तसंच चाललं असतं. हप्ता तोच ठेवला, तर उरलेली 16 वर्षं साडेसात वर्षांवर येत होती, आणि व्याजात चार लाखांहून जास्त वाचत होते. पण त्याआधी तुम्ही माझी पगाराची स्लिप मागितलीत, महिन्याचं वाणसामान, शाळेची फी, पेट्रोल, सगळं विचारलंत, आणि 13 हजार मला खरंच झेपतात का ते बघितलंत. ज्या बाईला झेपत नाही तिने हप्ता कमी करून घ्यावा, त्यात काही वावगं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. व्याजदर बदलता असलेल्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने 2012 सालीच बँकांना मनाई केली आहे. त्यामुळं 5 लाख असोत की 10 हजार, कधीही भरता येतात. एका पाहुण्यांनी करसवलतीसाठी कर्ज ठेवावं असं सुचवलं, तेव्हा तुम्ही फक्त माझा फॉर्म 16, म्हणजे पगारावर कापलेल्या कराचा दाखला, बघितलात. मला कर जवळजवळ बसतच नव्हता, मग सवलत कशावर?

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र आकड्यांची नव्हती. हक्कसोडपत्राची, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाची होती. यांच्या हिश्श्याला मी, लेक आणि सासूबाई असे तिघी वारस. नात्यातल्यांनी लकडा लावला होता की म्हातारीची सही घेऊन ठेव, नंतर कटकट नको. मी तुम्हाला तो मसुदा दाखवला. तुम्ही वाचलात, घडी घातलीत आणि माझ्या हातात परत दिलात. "कायद्यानं त्या आई आहेत, हिस्सा त्यांचा आहे. लेक गेला, आता त्याच्या घरातलं नावपण काढून घेणार का त्यांचं? तुझं तू ठरव. पण त्या दुसऱ्या दिवशी चहा करताना कशा उभ्या राहतील ते बघून ठरव." मी तो कागद फाडला. सासूबाईंना हे आजवर सांगितलेलं नव्हतं, आता हे पत्र वाचून त्यांना कळेल. कळू दे.

त्याच सासूबाईंनी पुढच्या उन्हाळ्यापासून चटणीचा घाट घातला. ब्याडगी, संकेश्वरी, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, सगळं त्या स्वतः भाजायच्या, डंकावर कुटून आणायचं काम माझं. पहिली गिऱ्हाईकं तुम्ही आणलीत, तुमच्या निवृत्त मैत्रिणींची. दर उन्हाळ्यात चटणीचे जेवढे सुटतील तेवढे पावसाळ्याआधी कर्जात, हा नियमही तुमचाच. मे 2022 पासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहापर्यंत चढला आणि बँकेने हप्ता न बदलता मुदत हळूच लांबवली. तुम्ही उतारा बघताच ओळखलंत आणि मला हप्ता थोडा वाढवून घ्यायला लावलंत. असा बदल करताना कर्जदाराला हप्ता की मुदत हे विचारावं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश ऑगस्ट 2023 मध्ये आला, तेव्हा तुम्ही पेपर घेऊन जिना चढून वर आलात. गुडघ्यांचा त्रास असताना!

आता लेकीबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

हे तिला शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला न्यायचे आणि ती स्वतः खेळायला लागली होती. हे गेल्यावर तिने सराव सोडला. मी समजले, बाबांची आठवण येते म्हणून. नवीन बूट नको, सहल नको, वाढदिवस नको. पोरगी समजूतदार झाली असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. मी दवाखान्यातून येईपर्यंत ती तुमच्याकडं असायची, आणि तिने ते तुम्हाला विचारलं, मला नाही. "हप्ता चुकला तर आम्हाला घरातून काढतील ना?" भिंतीपलीकडून मोठ्यांची बोलणी तिने सगळी ऐकली होती.

तुम्ही तिला "असं काही नसतं गं" म्हणून गप्प केलं नाहीत. मला बोलावलंत आणि म्हणालात, "तिला पासबुक दाखव. लहान हाय म्हणून लपवशील, तर ती मनात याच्या दसपट मोठं करून घेईल." मग आम्ही तिघी बसलो. एवढे पैसे आहेत, एवढे महिने काहीही झालं तरी हप्ता जातो, हा तुझ्या शिक्षणाचा भाग, याला कोणी हात लावणार नाही. तिने पासबुकावर बोट ठेवून दोनदा मोजलं. दुसऱ्या आठवड्यात तिने बूट मागितले. काकू, तिने काहीतरी मागितलं याचा मला किती आनंद झाला, तो मी कुणाला सांगू शकले नव्हते. पुढं शेकडेवारी आणि चक्रवाढ व्याज ती आमच्याच कर्जाच्या उताऱ्यावर शिकली, तुमच्या टेबलाशी बसून.

आई-बाप दोन्ही व्हायचं असतं असं लोक एकट्या आईला सांगतात. मला ते कधी जमलं नाही, आणि जमवायची गरज नाही हे तुम्ही दाखवलंत. शाळेच्या पालकसभेला मला सुट्टी नसली की "मी येतो की," म्हणून तुम्ही निघायचात. गणपती आणायला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत लेक गेली, मूर्ती तिने धरली, आरती सासूबाईंनी म्हटली. घर असंही चालतं.

आणि संक्रांत. मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पुढं राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. त्यावर सगळे बोलले. तुम्ही पुढच्या संक्रांतीला पहिलं बोलावणं आमच्या घरी पाठवलंत, आम्हा दोघींना. सासूबाई कितीतरी वर्षांत हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. जाऊ का नको म्हणून कपाटातून साडी काढायच्या, परत ठेवायच्या. तुम्ही स्वतः येऊन त्यांचा हात धरून खाली नेलंत आणि सगळ्यांच्या देखत आधी त्यांना कुंकू लावलंत, मग मला. कुणाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. मी फक्त सासूबाईंकडं बघत होते.

या सगळ्यात तुम्ही मला एक रुपया दिला नाहीत आणि माझा एकही निर्णय स्वतः घेतला नाहीत. प्रत्येक वेळी आकडे मांडलेत, परिणाम सांगितलेत आणि "तुझं तू ठरव" म्हणून थांबलात. ज्या काळात माझ्याबद्दल सगळे ठरवत होते, त्या काळात ते एक वाक्य मला उभं करून गेलं. त्यासाठी मी तुमचे आभार मानते. सासूबाईही मानतात. लेक वेगळं पत्र लिहिणार आहे.

कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद दिले नाहीत तर बँकेला दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम तुम्ही सांगून ठेवला होतात. तशी वेळ आली नाही. नादेय दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, फाईलला लावलाय, क्रेडिट रिपोर्टवर खातं बंद दाखवतंय का ते पुढच्या महिन्यात बघते. तुम्ही सांगितलेलं मृत्युपत्रही आता पुरं करते. माझं काही बरंवाईट झालं तर लेकीचा पालक कोण, ते त्यात लिहायचं राहिलंय, त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

रविवारी दुपारी जेवायला वर या. काकांनाही आणा. दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीचे यजमान तीन महिन्यांपूर्वी गेले, तिलाही बोलावलंय. ती कागदांची पिशवी घेऊन येणार आहे, निवडू नकोस म्हणून मीच सांगितलंय. पीएफचं आणि विम्याचं मी बघितलं, पण पेन्शनच्या अर्जात मुलाच्या खात्याचं एक अडलंय, ते तुम्ही एकदा बघाल का?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची